एसईओला पैसे घालावेत का? ठाण्यातल्या एका वॉटरप्रूफिंग ठेकेदाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नौपाड्यातली एक फर्म. धंदा वॉटरप्रूफिंगचा: टेरेस, बाहेरच्या भिंती, बाथरूम, पाण्याच्या टाक्या. मालक पन्नाशी ओलांडलेले, वीसेक वर्षं याच कामात. तीन गँग, प्रत्येकीत एक मिस्त्री आणि तीन-चार बिगारी. एक सुपरवायझर, जो नात्यातलाच आहे. आणि मटेरियल ठेवायला, बिलं करायला एक गाळा. मी त्यांचं जीएसटी आणि आयकराचं काम बघतो, त्यामुळे कोणतं बिल कुणाला गेलं हे माझ्यासमोर असतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या पूर्ण आकड्यावर आणल्या आहेत. लिहायला मालकांची हरकत नाही.

वर्षाचं बिलिंग साधारण ८० लाख. त्यातले ६० लाख सोसायट्यांचे, उरलेले घरगुती कामांचे. पाटी एकच असली तरी या दोन कामांचं गिऱ्हाईक वेगळं. टेरेस, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चात येते. तिथे कमिटी कोटेशन्स मागवते, रक्कम मोठी असेल तर विषय सर्वसाधारण सभेत जातो, आणि पहिल्या फोनपासून वर्क ऑर्डरपर्यंत चार-सहा महिने सहज निघून जातात. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्याच्या छताला ओल येते तेव्हा मात्र भांडण दोन सभासदांमधलं असतं. वरचा म्हणतो माझ्याकडे काही नाही, खालचा रोज फोटो पाठवतो, आणि शेवटी वैतागून दोघांपैकी एक जण मोबाइल काढून माणूस शोधायला लागतो. इंटरनेटवरून येणारं गिऱ्हाईक बहुतेक हेच.

नौपाडा, चरई, पाचपाखाडी, वर्तकनगर हा मालकांचा पट्टा, जुन्या इमारतींचा. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. ऑडिट झालं की अहवालात टेरेस आणि प्लास्टर बहुधा येतंच, आणि हे अहवाल लिहिणारे दोन-तीन इंजिनिअर मालकांना पहिल्यापासून ओळखतात. धंदा उभा आहे तो या ओळखीवर. पण हाच पट्टा आता पुनर्विकासाला निघालाय. बिल्डरशी बोलणी चाललेली सोसायटी टेरेसवर आठ लाख घालत नाही. तिकडे घोडबंदर रोडला मानपाडा, कोलशेत, कासारवडवली इथल्या बऱ्याच टॉवर्सना पंधरा-वीस वर्षं व्हायला आलीत, भिंतींवर भेगा दिसायला लागल्यात; पण तिथे मालकांना कुणी ओळखत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

मालकांच्या व्हिजिटिंग कार्डावर एका वेबसाइटचा पत्ता छापलेला होता. गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत, म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीसोबत, फुकट दिलेली एकपानी साइट होती ती. अशी सगळी फुकट पानं गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. १० जूनपर्यंत जुना पत्ता टाकला की निदान प्रोफाइल उघडायचं, नंतर तेही थांबलं. मालकांना हे कळलं ते एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘तुमची साइट उघडत नाही हो’ असं सांगितल्यावर, आणि तेही जूनच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा गाळ्यातला फोन खाली ठेवायला उसंत नसते.

त्याच सुमारास एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीचा मुलगा गाळ्यावर आला. प्रस्ताव एसईओचा, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचा: महिना १५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, करार १२ महिन्यांचा, ३० कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) ‘गॅरंटीड पहिल्या पानावर’, दर महिन्याला ५० बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक), चार ब्लॉग, आणि सुरुवातीला ५० रिव्ह्यू ‘आमच्याकडून’. घोडबंदरचं गिऱ्हाईक हवं असेल तर तिथल्या एखाद्या नातेवाइकाच्या फ्लॅटचा पत्ता टाकून दुसरं प्रोफाइल काढू, असंही तो म्हणाला. ‘सर, सगळे हेच करतात.’

मालकांना प्रस्ताव पटला होता. महिन्याला एक काम मिळालं तरी वसूल, असा त्यांचा हिशेब. त्यांची मुलगी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिचं मत नेमकं उलट. ‘बाबा, हे सगळं फसवं असतं, एक रुपयाही देऊ नका.’ दोघं माझ्याकडे आले ते एजन्सीच्या बिलावरचा जीएसटी परत मिळतो का, एवढंच विचारायला. मिळतो, फर्म नियमित योजनेत आहे, इनपुट क्रेडिट घेता येतं. म्हणजे प्रश्न महिना १५ हजारांचा, वर्षाला १ लाख ८० हजारांचा. बोलणं तिथून पुढे सरकलं.

आधी बिलं उघडली

बाप-लेकीच्या दोन्ही मतांमागे आकडा नव्हता. म्हणून मागच्या दोन आर्थिक वर्षांची बिलं काढली आणि प्रत्येकासमोर ‘हे काम कुठून आलं’ ते लिहायला मालकांना बसवलं. कंटाळवाणं काम होतं. पण या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलं ते हेच, आणि याला खर्च आला चहाचा.

सोसायट्यांचं एकही काम इंटरनेटवरून आलेलं नव्हतं. इंजिनिअर, जुने सेक्रेटरी, एक रंगकाम करणारा ठेकेदार, संपली यादी. घरगुती कामांत निम्मी जुन्या गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून, त्याखालोखाल प्लंबर आणि वॉचमनकडून, आणि थोडी ‘नेटवरून’. प्लंबरकडून आलेल्या कामावर त्याला दहा टक्के द्यावे लागतात. बाथरूमच्या लाद्या काढून पूर्ण काम केलं की बिल ६० हजारांच्या आसपास होतं, म्हणजे प्लंबरचे ६ हजार. मालक याला कधी जाहिरातीचा खर्च म्हणाले नव्हते, पण तो तोच आहे. महिन्याला एक काम मिळालं तर एजन्सीचं एक काम १५ हजारांना पडतं आणि प्लंबरचं ६ हजारांना. ‘एक काम मिळालं तरी वसूल’ या वाक्याची हवा इथेच निघाली.

पुढचा हिशेब. ६० हजारांच्या कामात मटेरियल आणि मजुरी वजा जाता साधारण १८ हजार हातात राहतात. वर्षाचे १ लाख ८० हजार भरून काढायला अशी दहा जादा कामं हवीत. आकडा मोठा नाही. पण पाच ठिकाणी जाऊन पाहिलं की एक काम ठरतं, हा मालकांचा अनुभव. म्हणजे पन्नास ठिकाणी जाणं आलं. पाहणीला मालक स्वतः जातात, कारण ओल कुठून येतेय हे ओळखणं हीच या धंद्यातली विद्या. नौपाड्याहून कासारवडवलीला जाऊन परत यायचं तर घोडबंदर रोडचं ट्रॅफिक धरून अर्धा दिवस गेला. पन्नास अर्धे दिवस म्हणजे पंचवीस पूर्ण दिवस, आणि हा खर्च एजन्सीच्या कागदावर कुठेच नसतो.

शिवाय माणसं हवीत. नोव्हेंबर ते मे तिन्ही गँग सोसायट्यांच्या कामात अडकलेल्या. त्या काळात दहा जादा बाथरूमं मिळाली तरी करणार कोण? जून ते सप्टेंबर बाहेरचं काम बंद असतं. काही बिगारी पेरणीला गावी जातात, उरलेल्यांना बसून मजुरी द्यावी लागते. बाथरूमचं काम मात्र आतलं, ते भर पावसातही होतं. त्यामुळे प्रश्नाचं स्वरूपच बदललं. एसईओ फायद्याचं की तोट्याचं, यापेक्षा पावसाळ्याच्या चार महिन्यांत रिकाम्या गँगला आतली कामं मिळवून देणारं काही आहे का, हे विचारायला हवं होतं. आणि त्याच्या मागे दुसरा, जास्त लांबचा प्रश्न: घोडबंदरच्या सोसायट्यांपर्यंत पोचायचं कसं?

पर्याय

काहीच न करणं हाही पर्याय होता, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ८० लाखांचा धंदा वेबसाइटशिवाय चाललेला होता. पण जुना पट्टा आकसत असताना गप्प बसणं म्हणजे दरवर्षी थोडं थोडं कमी होणं.

व्यवसायांची यादी ठेवणाऱ्या साइटवर पैसे भरून नाव लावणं, हा दुसरा. इथे गिऱ्हाइकाचा फोन एकाच वेळी चार-पाच ठेकेदारांकडे जातो आणि बोलणं भावावरूनच सुरू होतं. मालकांनी पूर्वी एकदा हे केलं होतं, पुन्हा नको म्हणाले.

तिसरा एजन्सीचा. तो नीट वाचायला मुलीने एक शनिवार दिला. गूगल स्वतः उघड सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. मग ही एजन्सी देते कशी, याचं उत्तर कीवर्डच्या यादीत होतं. ‘बेस्ट क्रिस्टलाइन वॉटरप्रूफिंग कंपनी इन ठाणे वेस्ट’ असले लांबलचक शब्दसमूह त्यात भरलेले. ते कुणी टाइप करत नाही, त्यामुळे त्यांवर पहिल्या पानावर येणं अवघड नसतं. हमीही पाळली जाते आणि फोनही वाजत नाही. ज्या शब्दांना खरोखर मागणी आहे, जसं ‘वॉटरप्रूफिंग काँट्रॅक्टर ठाणे’, तिथे पहिल्या पानावर जस्टडायल, इंडियामार्टसारख्या मोठ्या साइट आणि रंग-केमिकलच्या कंपन्या बसलेल्या. त्यांना एका गाळ्याची साइट हलवणार, हे होणं नव्हतं.

महिन्याला ५० बॅकलिंक हा तर धोकाच. रँक वाढवण्यासाठी विकत घेतलेल्या लिंक गूगलच्या स्पॅम धोरणात मोडतात, आणि २०१२ च्या ‘पेंग्विन’ नावाच्या शोधप्रणालीतल्या बदलापासून गूगल अशा लिंकवर कारवाई करत आलंय. विकतच्या रिव्ह्यूंचं तेच. नातेवाइकाच्या फ्लॅटवर खोटं प्रोफाइल काढलं आणि उद्या कुणी प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

पण एजन्सीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. गूगलच्याच लोकांनी म्हटलंय की सुधारणा करून त्यांचा फायदा दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं. त्यामुळे वर्षाचा करार मागणं मुळात गैर नाही. गैर होतं ते त्या वर्षात काय करणार, ते.

चौथा पर्याय होता नकाशाचा. ‘जवळचा’ कुणी शोधला की गूगल वर नकाशा दाखवतं आणि त्याखाली तीन व्यवसाय. या तिघांत कोण येणार हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी तुमचं काम किती जुळतं, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. इथे मोठ्या साइटची मक्तेदारी नाही. नौपाड्यातला गाळा नौपाड्यातल्या शोधात वर येऊ शकतो. अडचण दुसऱ्या मुद्द्याची. प्रोफाइलमध्ये सेवेचं क्षेत्र म्हणून २० पर्यंत भाग लिहिता येतात, कासारवडवलीही लिहिता येतं, पण तेवढ्याने तिथल्या शोधात नाव वर येत नाही. आठ-दहा किलोमीटर म्हणजे आठ-दहा किलोमीटर. ज्या भागात मालकांना नव्याने शिरायचं होतं, नेमका तोच या मार्गाच्या बाहेर राहत होता.

चाचणी

एवढा कागदी हिशेब झाल्यावरही एक गोष्ट कळत नव्हती: लोक नेमकं काय शोधतात आणि शोधणाऱ्यांपैकी पैसे देणारे किती? ते पाहण्यासाठी एजन्सीच्या एका महिन्याइतकीच रक्कम गूगलच्या जाहिरातीत घालायचं ठरलं. दिवसाला ५०० रुपये, १५ दिवस ऑगस्टमध्ये आणि १५ दिवस दिवाळीनंतर. दोन तुकडे करण्याचा आग्रह मालकांचा होता. ‘पावसात तर कोणालाही फोन येतात. पाऊस गेल्यावर बघू.’ धंदा समजणारा माणूस चाचणीत असला की असा फरक पडतो. दिवाळीच्या आधी रंगकामाची गडबड असते आणि तेव्हाही ओल शोधणारे वाढतात, म्हणून तो पंधरवडाही टाळला.

ऑगस्टमध्ये ३१ फोन आले. त्यांतले २२ टेरेस आणि बाहेरच्या भिंतीचे, जे ऑक्टोबरशिवाय करता येत नाहीत. लोकांना मात्र ते उद्याच हवं होतं. बाथरूमचे ९, त्यांतली ३ कामं ठरली. नोव्हेंबरच्या पंधरवड्यात ११ फोन, त्यांत बाथरूमचे ६, कामं २. एकूण पाच कामांत दोन पूर्ण बाथरूमची, तीन लाद्यांच्या सांध्यात इपॉक्सी भरण्याची छोटी. १५ हजार घालून हातात उरले ५० हजारांच्या आसपास. शोधणाऱ्यांकडे पैसे आहेत, एवढं तरी सिद्ध झालं.

त्याहून मोलाचा होता शोधशब्दांचा अहवाल. जाहिरात दिली की लोकांनी टाइप केलेले शब्द बऱ्याच अंशी दिसतात. पहिल्या दोन दिवसांत वॉटरप्रूफ जॅकेट आणि मोबाइलचं पाऊच शोधणाऱ्यांवरही पैसे गेले. ते शब्द वगळावे लागले, तसे ‘जॉब’ आणि ‘केमिकल प्राइस’ हेही. उरलेल्यांत दोन गोष्टी वारंवार येत होत्या: ‘टाइल्स न फोडता’ आणि ‘खर्च किती’. क्रिस्टलाइन वगैरे एकदाही नाही. एजन्सीच्या यादीतला एकही शब्दसमूह या अहवालात नव्हता.

काय केलं

पॅकेज घेतलं नाही. नकाशा आणि छोटी साइट या दोन गोष्टी घरच्या घरी करायचं ठरलं.

प्रोफाइलची अवस्था वाईट होती. ते कधीकाळी ज्या मुलाने काढून दिलं होतं त्याच्याच ईमेलवर होतं, आणि तो मुलगा आता गल्फमध्ये. मालकी परत मिळवायला गूगलकडे विनंती, मग गाळ्याचा आणि पाटीचा व्हिडिओ, यात काही आठवडे गेले. व्यवसायाचा मुख्य प्रकार ‘हार्डवेअर दुकान’ असा पडलेला. अधूनमधून लोक ‘केमिकलची बादली केवढ्याला?’ असं का विचारतात याचा उलगडा तेव्हा झाला. प्रकार दुरुस्त केला. नावात ‘बेस्ट वॉटरप्रूफिंग ठाणे’ असं काही घुसडलं नाही. बरेच जण घुसडतात, पण पाटीवर आहे तेच नाव लिहायचं असा नियम आहे.

रिव्ह्यूंवर घरात वाद झाला. मालक म्हणाले, बिलात २०० रुपये कमी करू आणि रिव्ह्यू मागू. मुलीने नियम दाखवला: सवलत किंवा पैसे देऊन रिव्ह्यू घेता येत नाही. मग मालकांनीच एक युक्ती काढली, आणि मला वाटतं या सगळ्यात तीच सर्वांत शहाणी. रिव्ह्यू काम संपल्यावर मागायचा नाही, पावसाळा संपल्यावर मागायचा. वॉटरप्रूफिंगचा निकाल पाऊसच लावतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या तीन वर्षांच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर एक ओळ गेली: पावसाळा कसा गेला, ओल आली का, आणि जमल्यास इथे लिहा. दोघांनी ओल आल्याचं कळवलं, तिथे मिस्त्री पाठवला. बाकीच्यांपैकी बरेच जण लिहिते झाले. ‘टेरेस २०२१ ला केलं, तीन पावसाळे कोरडे’ या वाक्यासमोर ‘व्हेरी गुड सर्व्हिस’ अशी वीस वाक्यं फिकी पडतात.

साइट मुलीने डिसेंबरात उभी केली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मालकांच्या नावावर आणि त्यांच्याच ईमेलने घेतलं. पाच पानं: बाथरूम, टेरेस, बाहेरची भिंत, टाकी आणि खर्च. खर्चाच्या पानावर मालक अडून बसले. ‘भाव लिहिला की शेजारचा पाच रुपये कमी सांगणार.’ शेवटी नेमका भाव न देता पल्ला दिला आणि तो कशामुळे वरखाली होतो ते लिहिलं: लाद्या काढायच्या का, नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायच्या जाळीखालचा भाग) बदलायचा का, ब्रिकबॅट कोबा (टेरेसवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) उखडायचा का. ‘टाइल्स न फोडता’ या शोधासाठी बाथरूमच्या पानावर खरं तेच लिहिलं: सांध्यांतून पाणी जात असेल तर चालतं, ट्रॅप किंवा आतला पाइप गेला असेल तर फोडावंच लागतं. मालकांना वाटलं अशाने गिऱ्हाईक पळेल.

पाहणीसाठी ५०० रुपये घ्यायचे, काम दिलं तर बिलातून वजा, हा निर्णयही याच वेळचा. साइटशी याचा थेट संबंध नाही, पण अनोळखी फोन वाढणार असतील तर चाळणी हवीच होती.

काय झालं

पहिले चार-पाच महिने काही नाही. मुलगी सर्च कन्सोल (साइट गूगलच्या शोधात किती दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडून बघायची, आकडे जागचे हलेनात. एप्रिल २०२५ पासून नौपाडा, चरई, पाचपाखाडीतून शोधलं तर नकाशाच्या तिघांत फर्मचं नाव दिसायला लागलं. माजिवड्याच्या पुढे गेलं की गायब. अपेक्षेप्रमाणेच.

पावसाळ्यात महिन्याला आठ-दहा बाथरूमचे फोन या मार्गाने आले, त्यांतली दोन-तीन कामं ठरत गेली. एक गँग जवळजवळ पूर्ण पावसाळा कामावर राहिली. आदल्या वर्षी तीच निम्मा वेळ बसून होती. ५०० रुपयांच्या फीमुळे फोन करणाऱ्यांपैकी बरेच गळाले. पण पाहणीला गेल्यावर काम ठरण्याचं प्रमाण पाचात एकवरून तिनात एकवर आलं, आणि माझ्या मते हिशेबात सर्वांत मोठा फरक याच एका आकड्याने पाडला. ‘फोडावंच लागतं’ हे वाचून आलेलं गिऱ्हाईक पाहणीच्या वेळी वाद घालत नव्हतं, उलट कधी सुरू करता हे विचारत होतं.

खर्चाच्या पानाचं वेगळंच झालं. ते दिसायचं खूप, उघडायचं कोणी नाही. गूगल आता अशा प्रश्नांना बहुतेकदा एआयने तयार केलेलं उत्तर सगळ्यात वर दाखवतं. भारतात हे ऑगस्ट २०२४ पासून सुरू झालं. माहिती विचारणारा तिथेच वाचून जातो. महिन्याला चार ब्लॉगचं पॅकेज घेतलं असतं तर तेही बहुधा याच उत्तराच्या पोटात गेले असते.

अनपेक्षित गोष्ट सर्च कन्सोलमध्ये दडलेली होती. साइटवर येणाऱ्यांत सर्वांत जास्त लोक फर्मचं नावच टाइप करून येत होते, आणि तेही सोसायट्यांना कोटेशन गेल्यानंतरच्या आठवड्यांत. कमिटीतला कोणीतरी तीन कोटेशन्स समोर ठेवून तिन्ही नावं शोधत होता. मे महिन्यात मानपाड्याच्या एका सोसायटीचं टेरेसचं काम मिळालं. ओळख एका इंजिनिअरने करून दिलेली, कोटेशन तिघांत मधलं. सेक्रेटरी नंतर मालकांना म्हणाले, ‘तुमचे पावसाळ्यानंतरचे रिव्ह्यू आम्ही मीटिंगमध्ये वाचून दाखवले.’ हे काम रिव्ह्यूंमुळे मिळालं असं मी म्हणणार नाही. इंजिनिअरचा शब्द नसता तर कोटेशनच मागितलं गेलं नसतं. पण ओळखीने उघडलेलं दार बंद होऊ नये, यासाठी इंटरनेटवरचं नाव कामी येतं, एवढं नक्की. सोसायटीचं काम इंटरनेटवरून येत नाही हा बिलांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर होता, पण अर्धाच.

तोटाही झाला. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात फोन इतके आले की निम्मे उचललेच गेले नाहीत. एकाने एक तारा देऊन लिहिलं: ‘फोन उचलत नाहीत.’ मालकांना तो तारा आजही खुपतो. त्यांनी उत्तरात माफी मागितली आणि फोनवर व्हॉट्सॲपचा आपोआप जाणारा संदेश लावला: बाथरूमची पाहणी दोन दिवसांत, टेरेस व बाहेरच्या भिंतीचं काम ऑक्टोबरनंतर, नाव नोंदवा. या यादीतून ऑक्टोबरला काही घरगुती कामं मिळाली.

वेगळं काय करता आलं असतं

साइटवर आणि प्रोफाइलवर वेगळा फोन नंबर पहिल्या दिवसापासून हवा होता. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारलं की लोक ‘गूगलवरून’ म्हणतात, मग त्यांनी नकाशा पाहिलेला असो, जाहिरात असो की भलतीच साइट. जाहिरातीच्या चाचणीत नंबर वेगळा होता, पुढे तो बंद केला. त्यामुळे वर दिलेले पावसाळ्याचे आकडे अंदाजाचे आहेत, चाचणीचे तेवढे पक्के.

मुलीच्या वेळेचा हिशेब कोणी धरला नाही. तिने कित्येक शनिवार-रविवार यात घातले. तिच्या जागी कुणाला पैसे द्यावे लागले असते तर सुरुवातीला एकदाचे ३०-४० हजार लागले असते, असा माझा अंदाज. तरीही ते वर्षाच्या पॅकेजपेक्षा स्वस्तच. ज्यांच्या घरी अशी मुलगी नाही त्यांनी मासिक करार न करता प्रोफाइल आणि साइट एकदा नीट करून घेण्याचे पैसे द्यावेत. द्यायच्या आधी डोमेन आणि प्रोफाइल कोणाच्या नावावर राहणार हे लिहून घ्यावं.

हाच हिशेब दुसऱ्या धंद्याला लावला तर उत्तर उलटं येऊ शकतं. वागळे इस्टेटमध्ये विशिष्ट प्रकारच्या स्प्रिंग किंवा गॅस्केट बनवणारा एखादा कारखानदार घ्या. त्याचं गिऱ्हाईक कोइंबतूरला असू शकतं, तिथे अंतराचा प्रश्न नाही. शोधणारे महिन्याला मोजकेच, पण एक ऑर्डर वर्षानुवर्षं चालते, आणि मालाच्या तांत्रिक तपशिलाची नीट लिहिलेली पानं फारशा कुणाकडे नसतात. त्याच्यासाठी महिना १५ हजार महाग नाहीत, काम करणारा माणूस बरा असेल तर.

साइट पाच महिने आधी उभी राहिली असती तर २०२४ च्या ऑक्टोबरचा हंगामही मिळाला असता का? मला शंका आहे. रिव्ह्यू नसताना नुसत्या साइटने फार काही हललं नसतं, आणि रिव्ह्यू पावसाळ्यानंतरच येणार होते.

घोडबंदरचा प्रश्न सुटलेला नाही. मालक आता मानपाड्याला मटेरियलसाठी एक छोटा गाळा भाड्याने बघतायत. खरा गाळा, खरी पाटी, तिथे बसणारा एक सुपरवायझर. तसं झालं तर त्या पत्त्यावर दुसरं प्रोफाइल काढणं नियमात बसेल. भाडं आणि सुपरवायझरचा पगार मिळून महिना ४५ हजारांच्या वर जातो, आणि त्याचा हिशेब बाथरूमच्या कामांवर बसत नाही. वर्षाला निदान तीन सोसायट्या तिथून मिळायला हव्यात. तिकडच्या दोन इंजिनिअरांशी ओळख झाली आहे. गाळ्याचा निर्णय त्यांच्याकडून पहिली दोन कोटेशन्स मागितली गेल्यावर घ्यायचा, असं सध्या ठरलंय.